दोन पडद्यांचा संगणक

मुलांनो, शाळेच्या संगणक कक्षात तुम्ही मॉनिटर पाहिला आहे. त्याची केबल चुकीच्या जागी लावली, तर काय होते? चित्र दिसत नाही, एवढेच. केबल नीट लावली की चित्र येते. पण संगणकाच्या सुरुवातीच्या काळात असे नव्हते. तेव्हा एक चुकीची केबल मॉनिटर कायमचा जाळू शकत असे. ही गोष्ट मी पुस्तकात वाचण्याआधी घरातच शिकलो.

ते १९९८ साल होते. मी अकरा वर्षांचा होतो. माझे मामूजान घरांचे नकाशे काढून देत. त्यांच्याकडे एक जुना संगणक होता. तो जुन्या बाजारातून आणलेला होता आणि त्याचे भाग ठिकठिकाणाहून जमवलेले होते. त्याला दोन मॉनिटर होते. एका मॉनिटरवर हिरवी अक्षरे दिसत. दुसऱ्यावर घराचा नकाशा दिसे. मामूजान हिरव्या पडद्यावर आज्ञा लिहीत आणि रंगीत पडद्यावर भिंती उभ्या राहत. मला ती जादूच वाटे.

ईदच्या आधी घराला रंग द्यायचा होता. म्हणून संगणक दुसऱ्या खोलीत हलवला. रंगकाम संपल्यावर मी सगळ्या केबली पुन्हा जोडल्या. मला कोणी सांगितले नव्हते. मामूजानना खूश करावे, एवढाच विचार होता. संगणकाच्या पाठीमागे दोन सॉकेटे होती. दोन्ही सारखीच, नऊ-नऊ छिद्रांची. दोन्ही प्लगही सारखेच होते. मी एक इकडे लावला, एक तिकडे लावला आणि बटण दाबले.

हिरवा पडदा काळाच राहिला. मला वाटले, यंत्र जुने आहे, वेळ लागत असेल. साधारण मिनिटभराने एक बारीक शिट्टी सुरू झाली. डासाच्या आवाजापेक्षाही बारीक. मी मामूजानना हाक मारली.

"मामूजान, पडदा शिट्टी वाजवतो आहे."

ते आले. त्यांनी कान लावला आणि म्हणाले, "मला तर काहीच ऐकू येत नाही."

आम्ही दोघे त्या काळ्या पडद्याकडे पाहत उभे राहिलो. थोड्या वेळाने जळका वास आला. मामूजाननी धावत जाऊन बटण बंद केले. पण तोवर उशीर झाला होता. तो मॉनिटर पुन्हा कधीच सुरू झाला नाही.

मुलांनो, आता आपण याचे कारण पाहू. कारण समजले म्हणजे चूक नुसती आठवत नाही, ती टाळताही येते.

अमेरिकेतील आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला पर्सनल कॉम्प्युटर, म्हणजे पीसी, जाहीर केला. त्याच्यासाठी कंपनीने दोन प्रकारची चित्र-कार्डे विकायला ठेवली. संगणक जे सांगतो ते पडद्यावर दाखवणारी पट्टी म्हणजे चित्र-कार्ड. पहिल्या कार्डाचे नाव एमडीए. ते फक्त अक्षरे दाखवी, तीही एकाच रंगात. पण अक्षरे छापल्यासारखी स्वच्छ असत. दुसऱ्या कार्डाचे नाव सीजीए. त्यावर रंग येत, चित्रे येत. पण अक्षरे जाडीभरडी दिसत. पत्र लिहिणाऱ्याला पहिले कार्ड हवे असे, चित्र काढणाऱ्याला दुसरे. ज्याला दोन्ही कामे करायची असत, त्याने काय करावे? त्याने दोन्ही कार्डे एकाच संगणकात बसवावीत आणि दोन मॉनिटर ठेवावेत. आयबीएमने तशी सोय ठेवली होती. दोन्ही कार्डांचे स्मृतीमधील पत्ते वेगळे होते. एकाच गल्लीत दोन घरे असावीत आणि दोघांचे नंबर वेगळे असावेत, तसेच हे. टपाल चुकीच्या घरी जात नसे. नकाशे काढणारे, आलेख काढणारे आणि संगणकाचे कार्यक्रम लिहिणारे लोक या सोयीचा पुष्कळ उपयोग करत.

संगणकाच्या आत सगळे नीट होते. घोटाळा होता तो पाठीमागे, सॉकेटांत.

जुन्या मॉनिटरमध्ये काचेची मोठी चित्रनळी असे. नळीच्या मागच्या टोकातून इलेक्ट्रॉनांचा झोत निघे आणि पडद्यावर आडव्या रेघा ओढत वरून खाली येई. एक रेघ संपली की झोत झटकन मागे जाऊन दुसरी रेघ सुरू करी. तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता आणि ओळ संपली की हात पुन्हा उजवीकडे नेता. झोताचेही तसेच होते. फक्त तो मराठीसारखा डावीकडून उजवीकडे जाई. पण त्याचा वेग पाहा. एमडीए कार्ड सेकंदाला सुमारे १८,४३२ रेघा ओढायला सांगे. सीजीए कार्ड सुमारे १५,७०० रेघा ओढायला सांगे. एका सेकंदात एखादी क्रिया जितक्या वेळा घडते, त्या संख्येला वारंवारता म्हणतात. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात तिला 'तअद्दुद' म्हटले आहे.

प्रत्येक रेघेच्या शेवटी कार्ड मॉनिटरला एक इशारा पाठवी: "आता मागे फीर." आयबीएमचा हिरवा मॉनिटर, ज्याचा क्रमांक ५१५१ होता, हा फार आज्ञाधारक होता. रेघेचा वेग ठरवणारे घड्याळ त्याच्यात नव्हतेच. कार्डाचा इशारा जसा येईल, तसे तो काम करी. इशारा बरोबर आहे की चूक, हे तो पाहत नसे. त्या काळचे आणखीही काही मॉनिटर असेच होते. नोकर आज्ञाधारक असावा हे खरे. पण मालक चुकला, तर अशा नोकराचा जीव जातो.

आता नळीजवळच्या तारेच्या वेटोळ्याकडे पाहू. झोताला वाकवण्यासाठी या वेटोळ्यातून वीज वाहते. ती एकदम पूर्ण वाहत नाही, हळूहळू वाढत जाते. नळाखाली बादली ठेवल्यासारखे समजा. बादली भरत आली की ती रिकामी करायची आणि पुन्हा ठेवायची. रिकामी करण्याचे काम ट्रान्झिस्टर नावाचा भाग करतो आणि इशारा आला की करतो. एमडीएच्या वेगाने एका रेघेला सुमारे ५४ मायक्रोसेकंद लागतात. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. सीजीएच्या वेगाने एका रेघेला जवळजवळ ६४ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे बादली नळाखाली जास्त वेळ राहिली. वेळ साधारण सहाव्या हिश्शाने वाढला, म्हणून वीजप्रवाहही तेवढा वाढला. पण वेटोळ्यातील ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ती एक तृतीयांशाहून जास्त वाढली. हा हिशेब ढोबळ आहे, पण दिशा खरी आहे. ही जादा ऊर्जा दर रेघेला, सेकंदाला हजारो वेळा, त्या एका ट्रान्झिस्टरवर पडते. तो तापतो आणि शेवटी जळतो.

मग पडदा काळा का होता? दोन्ही प्लगांत पहिल्या पिनेपासून नवव्या पिनेपर्यंत जागा सारख्या होत्या. पण काम सारखे नव्हते. हिरव्या मॉनिटरला चित्र सातव्या पिनेतून मिळे. रंगीत कार्डाची सातवी पिन चित्रासाठी वापरलेलीच नव्हती. म्हणून चित्र आले नाही. आठव्या आणि नवव्या पिनांतून मात्र दोन्ही कार्डे इशारे पाठवत. म्हणून चुकीचे इशारे थेट आत गेले. पडदा काळा होता, पण आत यंत्र जोरात धावत होते. मी मात्र समजत होतो की ते अजून सुरूच झालेले नाही.

आणि ती शिट्टी? वेटोळी आणि त्यांच्या आतले भाग त्या वेगाने थरथरत असतात. त्या थरथरीचा आवाज होतो. सेकंदाला १५,७०० कंपनांचा आवाज मुलांना बहुधा ऐकू येतो. वय वाढते, तसे उंच आवाज ऐकू येईनासे होतात. म्हणून मला तो आवाज ऐकू आला आणि मामूजानना आला नाही. रोज हा मॉनिटर माझ्या कानाला गप्प वाटे. त्या दिवशी तो बोलत होता. त्या खोलीत धोक्याची खूण ऐकू शकणारा मी एकटाच होतो आणि मीच मोठ्यांची वाट पाहत थांबलो.

मामूजान मला रागावले नाहीत. ते इतकेच म्हणाले, "तुझे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत. पुन्हा असा आवाज आला, तर मला बोलावत बसू नकोस. आधी बटण बंद कर." पण एका घराचा नकाशा त्यांना त्याच आठवड्यात द्यायचा होता. तो त्यांनी रात्री जागून हाताने काढला. नुसत्या रंगीत पडद्यावर अक्षरे वाचून त्यांचे डोळे दुखत. शेवटी मुमानीजाननी भिशीचे पैसे काढून दिले आणि दुसरा जुना हिरवा मॉनिटर घरात आला. तो दिवस मला अजून आठवतो. कोणी मला काही बोलले नाही, म्हणून जास्त वाईट वाटले.

केबल बरोबर लावली, म्हणजे सगळे झाले असे समजू नका. दोन कार्डांच्या संगणकात आणखी एक धोका असे. संगणक सुरू होताना बायॉस नावाचा कार्यक्रम सर्वांत आधी जागा होतो. मूळ पीसीत तो मुख्य पट्टीवरचे छोटे खटके पाहून काम करी. त्यांपैकी पाचवा आणि सहावा खटका सांगे की पडदा कोणता आहे. बायॉस फक्त त्याच पडद्याचे कार्ड तयार करी. दुसऱ्या कार्डाकडे तो लक्ष देत नसे. प्रत्येक कार्डावर ६८४५ नावाची चिप होती. तिच्यात १८ छोटे कप्पे होते आणि रेघ किती लांब, रेघा किती, इशारा केव्हा, हे सगळे त्या कप्प्यांतील आकड्यांवरून ठरे. नुसती वीज आली म्हणून कप्प्यांत बरोबर आकडे येत नसत. ते कोणीतरी भरावे लागत. आकडे भरलेले नसतील, तर त्या कार्डाचे इशारे कसे निघतील, याचा भरवसा नसे.

आता विचार करा. हिरव्या ५१५१ मॉनिटरला स्वतःचे बटण नव्हते. त्याची वीज संगणकाच्या पाठीमागून येई. संगणक सुरू झाला की तोही सुरू होई. खटके रंगीत पडद्यासाठी लावलेले असतील, तर हिरवे कार्ड झोपलेले राही आणि हिरवा मॉनिटर मात्र जागा होई. म्हणून आयबीएमने आपल्या पुस्तिकेत ताकीद दिली होती: हिरवा मॉनिटर जोडलेला असेल, तर पाचवा आणि सहावा खटका नेहमी 'बंद' बाजूलाच ठेवावा, नाहीतर मॉनिटर बिघडू शकतो. 'बंद' बाजू म्हणजे हिरव्या पडद्याची बाजू. पुस्तिकेतील असल्या ओळी लोक वाचत नाहीत, हा आपला सर्वांचाच दोष.

आयबीएमच्या रंगीत मॉनिटरला, म्हणजे ५१५३ ला, मात्र वेगळे बटण होते. म्हणून शहाणी माणसे असा क्रम ठेवत. रंगीत मॉनिटर बंद ठेवून संगणक सुरू करायचा. हिरवा पडदा नीट आला की 'मोड सीओ८०' ही आज्ञा द्यायची. त्या आज्ञेने रंगीत कार्डाच्या कप्प्यांत आकडे भरले जात. मग रंगीत मॉनिटरचे बटण दाबायचे. शेवटी 'मोड मोनो' लिहून हिरव्या पडद्यावर परत यायचे. मामूजानच्या संगणकात या दोन आज्ञा सुरुवातीलाच आपोआप दिल्या जात. म्हणून तर त्या दिवशी शिट्टी लगेच नव्हे, मिनिटभराने सुरू झाली. रंगीत कार्ड जागे झाले आणि त्याच क्षणी त्याला चुकून जोडलेल्या हिरव्या मॉनिटरवर संकट आले. हे कोडे मला पुष्कळ वर्षांनी, बी.एड. झाल्यावर, ६८४५ चिपविषयी वाचताना उलगडले.

हर्क्युलिस नावाचे एक कार्ड १९८२ मध्ये आले. ते हिरव्या पडद्यावरही चित्रे काढी, म्हणून फार खपले. पण त्याच्या स्मृतीचा अर्धा भाग सीजीएच्याच पत्त्यावर होता. सोबत रंगीत कार्ड असेल, तर हर्क्युलिसला अर्धीच स्मृती वापरायला सांगावे लागे.

आता एक हळू होणारे नुकसान पाहू. पडद्याच्या आतून फॉस्फर नावाच्या पदार्थाचा थर दिलेला असतो. झोत लागला की तो चमकतो. हिरव्या ५१५१ चा फॉस्फर चमकल्यावर सावकाश विझे. त्यामुळे सेकंदाला पन्नास वेळाच चित्र काढले, तरी ते लुकलुकत नसे. पण एकाच जागी तेच अक्षर महिनोन्‌महिने राहिले, तर तिथला थर झिजतो आणि डाग पडतो. मामूजानच्या पहिल्या मॉनिटरवर खालच्या ओळीत 'कमांड' हा शब्द बंद पडद्यावरही दिसत असे. नकाशाचा कार्यक्रम तिथेच तो शब्द लिहून आज्ञेची वाट पाही.

यावर उपाय म्हणून जॉन सोचा यांनी 'स्क्रनसेव्ह' हा कार्यक्रम लिहिला. तो डिसेंबर १९८३ च्या 'सॉफ्टटॉक' मासिकात छापून आला. तीन मिनिटे कोणी कळ दाबली नाही, तर तो पडदा काळा करी. पण दोन पडद्यांच्या घरात एक अडचण असते. संगणक एका वेळी एकाच पडद्याला 'चालू' समजतो. दुसऱ्यावर जे शेवटी लिहिले, ते तसेच राहते. कारण त्याचे कार्ड तेच चित्र पुन्हा पुन्हा काढत बसते. पडदा काळा करणारा कार्यक्रम फक्त चालू पडद्याकडे पाहणारा असेल, तर विसरलेला पडदा तासन्‌तास जळत राहतो. म्हणून चांगल्या कार्यक्रमाने दोन्ही कार्डांना वेगवेगळे सांगायला हवे.

ते कसे सांगतात? एमडीए कार्डाच्या ३बी८ या दारावर २९ हा आकडा दिलेला असतो. त्याऐवजी २१ दिला की चित्र जाते आणि पुन्हा २९ दिला की परत येते. सीजीए कार्डाचे दार ३डी८. त्यावर ८० अक्षरांच्या ओळी असतील, तर तिथेही हेच दोन आकडे चालतात. हे आकडे सोळाच्या पद्धतीतले आहेत, आपल्या दहाच्या पद्धतीतले नव्हेत. यात खुबी अशी की चित्र गेले, तरी रेघांचे इशारे चालूच राहतात. त्यामुळे मॉनिटर सुरक्षित राहतो. कोणी उतावळेपणाने एमडीएच्या दारावर शून्य देईल, तर मात्र चुकेल. त्या आकड्यातील शेवटचा बिट नेहमी १ राहिला पाहिजे, असे आयबीएमच्या तांत्रिक पुस्तकात सांगितले आहे. नाहीतर संगणक वाट पाहत अडकून पडतो. आणि हे काहीच जमत नसेल, तर मॉनिटरवरचा उजेड कमी करणारा गोल खटका फिरवावा. मामूजान दुसऱ्या मॉनिटरला तेच करत. नमाजला उठताना त्यांचा हात आधी त्या खटक्याकडे जाई.

१९८७ मध्ये व्हीजीए ही नवी पद्धत आली. तिचे सॉकेट १५ पिनांचे होते आणि तिचे एकरंगी व रंगीत मॉनिटर एकाच वेगाने चालत. त्यामुळे अदलाबदलीची भीती गेली. आज चित्रनळीचे असे मॉनिटर नवे मिळत नाहीत. जे उरले आहेत, ते संग्रहालयांत आणि हौशी लोकांच्या घरी. एक जळला की जगातून एक कमी होतो. तुमच्या शाळेच्या अडगळीत असा मॉनिटर सापडला, तर लगेच वीज देऊ नका. आधी पाठीमागे पाहा. कार्डे किती आहेत? कोणती केबल कुठे जाते? मॉनिटर उघडू मात्र कधीच नका. चित्रनळीत हजारो व्होल्टचा दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ आत राहतो.

दुसरा मॉनिटर आला, त्या संध्याकाळी मामूजाननी मुमानीजानच्या शिवणाच्या डब्यातून दोन दोरे घेतले. हिरवा दोरा हिरव्या मॉनिटरच्या प्लगला आणि तसाच एक तुकडा त्याच्या सॉकेटाच्या स्क्रूला बांधला. लाल दोरा दुसऱ्याला. गाठी मला मारायला लावल्या. मामूजान आता नकाशे काढत नाहीत. तो संगणक माझ्याकडे आहे. दोऱ्यांचा रंग उडाला आहे, कोणता हिरवा आणि कोणता लाल हे उजेडात धरून पाहावे लागते. गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्या शेजारी नवे दोरे बांधले.

स्वाध्याय

१. लेखकाला शिट्टी ऐकू आली, पण मामूजानना आली नाही. असे का झाले?

२. 'पडदा काळा होता, पण आत यंत्र जोरात धावत होते.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

३. संगणक सुरू करताना रंगीत मॉनिटर आधी बंद का ठेवत?

४. वारंवारता, आज्ञाधारक, अडगळ, ताकीद हे शब्द वापरून एक-एक वाक्य लिहा. या शब्दांसाठी तुम्ही उर्दूत कोणते शब्द वापराल, तेही सांगा.

५. तुमच्या घरातील एखादे जुने यंत्र कोणी जपून ठेवले आहे का? त्याच्याविषयी घरातील मोठ्यांना विचारा आणि दहा ओळी लिहा.